घड्याळ चुकते, म्हणजे काळ आहे

रत्नागिरीत घड्याळात बारा वाजतात तेव्हा माध्यान्ह झालेली नसते. सूर्य माथ्यावर यायला सरासरी सदतीस मिनिटे अजून बाकी असतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. रत्नागिरी आहे ७३.३ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, तेव्हा सव्वानऊ अंशांच्या अंतराची एवढी मिनिटे होतात. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला, त्यामुळे माध्यान्हही रोज त्याच मिनिटाला होत नाही. ३ नोव्हेंबरच्या सुमारास रत्नागिरीत ती १२ वाजून २० मिनिटांनी होते, तर ११ फेब्रुवारीच्या सुमारास १२ वाजून ५१ मिनिटांनी. एकाच गावची दुपार घड्याळावर अर्धा तास मागेपुढे होते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण वेळ सूर्याला विचारायची सवय आपण केव्हाच सोडली.

अशा गोष्टी कळल्या की माणूस लगेच एका निष्कर्षावर उडी मारतो. काळ वगैरे काही नसते, ती माणसाने स्वतःच्या सोयीसाठी केलेली मोजणी आहे. तास आपण ठरवले, आठवडा आपण ठरवला, सन आणि शक आपण ठरवले. मग काळही आपणच निर्माण केला. हे मत आजकाल बऱ्याच शिकलेल्या माणसांकडून ऐकू येते. त्यात थोडे आइन्स्टाइनचे नाव असते, थोडे वेदान्ताचे. मला हे मत अर्धे खरे वाटते आणि उरलेले अर्धे घातक वाटते. घातक का, ते सांगण्याआधी त्यातल्या खऱ्या भागाला पूर्ण न्याय द्यायला हवा.

घड्याळातली वेळ माणसे ठरवतात, आणि बहुतेक वेळा ज्यांच्या हाती सत्ता असते ती माणसे ठरवतात. मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे. रत्नागिरीचा सूर्य मुंबईच्या सूर्याच्या जेमतेम दोन मिनिटे पुढे चालतो, म्हणजे ती वेळ कोकणाच्या या पट्ट्याची आपली वेळ होती असे म्हणायला हरकत नाही. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने देशभर साडेपाच तासांची प्रमाणवेळ लागू केली आणि मुंबईची घड्याळे एकोणचाळीस मिनिटे पुढे सरकली. मुंबईकरांनी हे मुकाट्याने मान्य केले नाही. महापालिकेने ठराव करून आपल्या कचेऱ्यांत मुंबईचीच वेळ ठेवली आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे ती टिकून होती. एकाच शहरात दोन वेळा पन्नास वर्षांच्या आसपास नांदल्या.

या भांडणात सर्वांत जास्त पणाला लागले होते ते गिरणी कामगारांचे आयुष्य, आणि त्या कामगारांत सर्वांत मोठा भरणा होता रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा. भातशेतीच्या, मासेमारीच्या आणि सणावारांच्या चक्रात वाढलेला माणूस बोटीने मुंबईला जायचा आणि तिथे गिरणीच्या भोंग्याच्या हाती पडायचा. त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर निदान सूर्य मावळला की काम थांबत असे. आता तोही आधार गेला आणि कामाचे तास तेरा-चौदापर्यंत ताणले गेले. त्यात घड्याळ एकोणचाळीस मिनिटे पुढे करणे म्हणजे काळोखातच अंथरुणातून उठवणे. कामगार खवळले यात नवल नव्हते. कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणायला १९११ चा कारखाना कायदा यावा लागला. त्या आधी, जुलै १९०८ मध्ये, रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा याच कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस या हिशेबाने. ज्यांच्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब दुसरे ठेवत होते, त्यांनी वेळ मोजण्याचा अधिकार त्या सहा दिवसांपुरता आपल्या हाती घेतला. मला तो संप कामगार चळवळीइतकाच काळाच्या इतिहासातलाही एक मोठा प्रसंग वाटतो.

तेव्हा घड्याळाची वेळ हा करार आहे हे निर्विवाद आहे, आणि तो बदलता येतो. देशाच्या पूर्व आणि पश्चिम टोकांच्या सूर्योदयात जवळजवळ दोन तासांचे अंतर असताना सगळ्यांनी एकच वेळ का पाळावी, हा आसामातल्या लोकांचा प्रश्न रास्त आहे; तिथल्या चहाच्या मळ्यांत प्रमाणवेळेच्या तासभर पुढची ‘बागान वेळ’ चालत आली आहे.

आता दुसरा भाग. मोजणी आपली आहे म्हणून मोजली जाणारी गोष्टही आपलीच, हे मात्र कोठून आले? याचे उत्तर शोधायला रत्नागिरीइतकी चांगली जागा नाही, कारण काळाच्या मोजणीवर एकोणिसाव्या शतकात मराठीत जो सर्वांत कसदार वाद झाला त्याचे दोन प्रमुख पुरुष याच जिल्ह्यातले. एक टिळक. दुसरे शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३, दापोली तालुक्यातले मुरूड. दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही त्याला पर्याय नाही. साध्या शाळाखात्यातल्या शिक्षकाने एवढे काम उभे करावे, याचा रत्नागिरीने जितका अभिमान बाळगायला हवा तितका बाळगला जात नाही.

वाद होता पंचांगाचा. महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. गणेश दैवज्ञही कोकणातलेच, किनाऱ्यावरच्या नांदगावचे. ग्रंथाचा काळ १५२०. त्यांचे वडील केशव दैवज्ञ यांनी स्वतः आकाश पाहून जुन्या ग्रंथांतली गणिते कशी चुकतात ते नोंदवले होते आणि मुलाने ती सुधारून नवा ग्रंथ रचला. पण गणितातली लहानशी त्रुटी शतकांनी मोठी होते. साडेतीनशे वर्षांनंतर ‘ग्रहलाघव’चे गणितही आकाशाशी जुळेना, ग्रहणे सांगितल्या वेळेला लागेनात. तेव्हा केरूनाना छत्रे यांनी १८६५ पासून नव्या ग्रहगणितावरचे पंचांग सुरू केले. टिळक हे केरूनानांचे विद्यार्थी. त्यांनी तो पक्ष पुढे चालवला, आणि आज ज्याला टिळक पंचांग म्हणतात ते त्याच परंपरेतले.

हे पंचांग मानणारी घरे रत्नागिरीत आजही आहेत, आणि काही वर्षी त्यांचे गणपती इतरांच्या महिनाभर आधी येतात. २०२३ मध्ये तसे झाले. इतरांची गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला, टिळक पंचांगाची २० ऑगस्टला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, हा कोणाचा तरी हट्ट आहे. खरे कारण आकाशात आहे. राशीचक्र कोठून मोजायला सुरुवात करायची, यावर दोन पक्ष आहेत. टिळकांचा पक्ष रेवती नक्षत्रातल्या एका मंद ताऱ्यापासून मोजतो. दुसरा पक्ष चित्रा ताऱ्याला बरोबर समोरचा बिंदू मानून. दोन आरंभस्थानांत सुमारे चार अंशांचे अंतर पडते, आणि सूर्य रोज साधारण एक अंश चालतो, तेव्हा सूर्याचे राशीत शिरणे एका पंचांगात चार दिवस आधी होते. त्या वर्षी अमावास्या १६ ऑगस्टला होती. चित्रापक्षाच्या हिशेबाने सूर्य सिंह राशीत १७ तारखेला गेला, अमावास्येनंतर; म्हणून सरलेल्या महिन्यात संक्रांत नाही आणि तो अधिक श्रावण. टिळकांच्या हिशेबाने सूर्य त्याच्या काही दिवस आधीच सिंहेत गेला होता. म्हणून तोच महिना नेहमीचा श्रावण, आणि पुढचा भाद्रपद. चार अंशांच्या मतभेदाने एका घरी मोदक आणि शेजारच्या घरी नागपंचमीची तयारी.

हे उदाहरण काळाला माणसाची निर्मिती मानणाऱ्यांच्या बाजूचे वाटते. पण ते पूर्ण वाचा. दोन्ही घरांनी गणपती बसवला तो शुक्ल चतुर्थीलाच. अमावास्या केव्हा, यावर दोघांचे तिळमात्र दुमत नव्हते. महिन्याला भाद्रपद म्हणायचे की श्रावण, हे माणसांनी ठरवले. पण एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस आणि वर पाऊण तास जातो, हे कोणत्याही पंचांगकर्त्याने ठरवलेले नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की ‘ग्रहलाघव’ चुकले. ते चुकले असे कोणाच्या साक्षीने म्हणायचे? ग्रहणाच्या. शेकडो वर्षे सगळ्यांचे एकमत होते, धर्मशास्त्राची मान्यता होती, व्यवहार सुरळीत चालू होता, आणि तरीही मोजणी चुकली. करार मोडता येतो, बदलता येतो. पण सगळ्या पक्षांनी पाळलेला करार चुकीचा निघत नाही. जे मोजमाप चुकू शकते ते स्वतःच्या बाहेरच्या कशाचे तरी मोजमाप असते. माझ्या सगळ्या म्हणण्याचा कणा हा एवढाच आहे.

किनाऱ्यावरचा माणूस हे रोज जगतो. भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी की तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, ते गणित या पाऊणकीत आले. गाव बदलले की त्यात मिनिटांची घटवाढ करावी लागते, पण रीत खरी. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे लहान भरती, याच हिशेबात बसतात. आता कोणी तांडेलाने ठरवले की ही सारी माणसांची मोजणी आहे, आज आपण पाऊणपटीऐवजी निमपट करू, तर होडी खाडीच्या तोंडाशी गाळात बसेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हा सरकारचा नियम आहे आणि सरकार त्या तारखा हलवू शकते. भरती हलवू शकत नाही.

याच भरतीने एक विलक्षण काम केले आहे. समुद्राचे पाणी रोज किनाऱ्यांवर आणि उथळ तळांवर घासते, आणि त्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे अगदी किंचित मंद होते. शंभर वर्षांत दिवस दोनेक मिलिसेकंदांनी लांबतो, आणि चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो. सुमारे अडतीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्म पोवळ्यांवर रोजच्या वाढीच्या बारीक रेषा दिसतात. १९६३ मध्ये जॉन वेल्स या शास्त्रज्ञाने त्या मोजल्या तेव्हा एका वर्षात चारशेच्या आसपास दिवस भरले. म्हणजे त्या वेळी दिवस बावीस तासांचा होता. त्या काळी मोजणारा कोणी नव्हता. बुद्धी नव्हती, भाषा नव्हती, सोयीची गरज असलेला समाज नव्हता. पोवळ्याने मात्र दिवसांची नोंद ठेवली आणि ती नोंद चंद्राच्या आजच्या मागे सरण्याच्या गणिताशी जुळते.

पृथ्वी अशी लांबत जाणारा दिवस देते म्हणून १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्या तिच्याकडून काढून घेण्यात आली. आता सेकंद म्हणजे सीझियम अणूच्या एका ठरावीक प्रारणाची ९,१९२,६३१,७७० आंदोलने. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारताची वेळ अशाच घड्याळांवर राखते. पृथ्वी मागे पडली की १९७२ पासून जास्तीचा एक सेकंद घालतात. असे २७ सेकंद घालून झाले, शेवटचा २०१६ च्या अखेरीस, आणि २०३५ पर्यंत ही पद्धत जवळजवळ मोडीत काढायचे आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले आहे. किती आंदोलनांना सेकंद म्हणायचे हे माणसांनी ठरवले. पृथ्वी सीझियमच्या मागे किती पडली, हे त्यांना मोजावे लागले.

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. घड्याळ आकाशाशी ताडले, आकाश सीझियमशी ताडले, पण प्रत्येक वेळी एका हालचालीची दुसरीशी तुलना झाली. खुद्द काळ कोणी पाहिला? लायब्निझने न्यूटनच्या पक्षाला हाच प्रश्न केला होता. आपल्याकडे योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात तर याहून टोकाची भूमिका आहे: क्षण खरा, पण दोन क्षण कधीच एकत्र नसतात, म्हणून मुहूर्त, अहोरात्र हे क्षणांचे समूह केवळ बुद्धीने रचलेले, त्यांच्यामागे वस्तू नाही. उलट वैशेषिकांनी काळाला नऊ द्रव्यांत बसवले, एक, व्यापक आणि नित्य. त्याचे भेद उपाधींमुळे भासतात एवढेच. पुढे नव्यन्यायातल्या रघुनाथ शिरोमणींनी स्वतःच्याच परंपरेला छेद देऊन काळ हे वेगळे द्रव्य मानायला नकार दिला. या देशात हा प्रश्न हजारो वर्षे मोकळेपणाने लढवला गेला आहे. ‘भारतीय दृष्टीने काळ ही माया’ असे एका वाक्यात उरकणारे लोक या साऱ्या विचारवंतांवर अन्याय करतात. ‘सूर्यसिद्धान्ता’ने तर आरंभीच जगांचा अंत करणारा काळ वेगळा आणि गणनेचा काळ वेगळा, अशी स्पष्ट फोड केली आहे. आपला आजचा गोंधळ बराचसा ही फोड विसरल्याचा आहे.

आक्षेपाला माझे उत्तर असे. खरे आहे, काळ सुटा काढून कोणी दाखवलेला नाही. पण तुलनांचा निकाल पाहा. सीझियम अणूचे आंदोलन, चंद्राची गती, पोवळ्याची वाढ, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात पोटॅशियमचे संथपणे अरगॉनमध्ये होणारे रूपांतर, या चार प्रक्रियांचा एकमेकींशी काही संबंध नाही. एक विद्युत्चुंबकीय, एक गुरुत्वाकर्षणाची, एक सजीवाची, एक अणुगर्भातली. एकीला दुसरीची खबर नाही. तरीही त्यांचे हिशेब जुळतात. दख्खनच्या लाव्हाचा काळ सुमारे ६.६ कोटी वर्षे येतो, तो खडकातल्या अरगॉनवरून. आणि त्याच खडकांत गोठलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेच्या उलटापालटीवरूनही त्याला दुजोरा मिळतो. माणसाच्या मनाने काळ रचला असता तर एकमेकांना अनोळखी असलेल्या या साक्षीदारांची जबानी एक का यावी? एकमताने बोलणारे अनेक स्वतंत्र साक्षीदार म्हणजे वस्तुस्थितीचा जितका पुरावा कोर्टात चालतो तितकाच तो इथे चालायला हवा.

आणि जिथे ते जुळत नाहीत तिथेही न जुळणे नियमाने होते. आइन्स्टाइनचे नाव इथे घ्यायला हवे. त्याने १९०५ मध्ये आणि पुन्हा १९१५ मध्ये जे दाखवले त्याचा अर्थ ‘काळ सापेक्ष, म्हणून काळ खोटा’ असा लावला जातो. घडले ते वेगळेच. वेगात असलेले घड्याळ मंद चालते, उंचावरचे घड्याळ जलद चालते, आणि किती ते सूत्राने नेमके सांगता येते. रत्नागिरीच्या पुळणीवरचे घड्याळ आणि सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरावरचे घड्याळ यांत वर्षाला चार ते पाच मायक्रोसेकंदांचा फरक पडायला हवा. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी अणुघड्याळे विमानातून पृथ्वीभोवती फिरवून आणली तेव्हा पूर्वेकडे गेलेली मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली पुढे गेली, गणिताने सांगितल्याप्रमाणे. मिरकरवाडा बंदरातून निघालेल्या ट्रॉलरवरचा जीपीएस ज्या उपग्रहांचे ऐकतो त्यांची घड्याळे जमिनीच्या मानाने दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरच्या वर चूक साठेल. भारताच्या स्वतःच्या ‘नाविक’ या स्थाननिर्देशक उपग्रहमालिकेतल्या पहिल्याच उपग्रहावरची तिन्ही अणुघड्याळे बंद पडली आणि तो स्थान सांगण्याच्या कामातून बाद झाला.

मग आइन्स्टाइनने नेले ते काय? न्यूटनचा तो एकच, साऱ्या विश्वाला सारखा वाहणारा काळ गेला. त्याबरोबर सगळीकडचे एकच ‘आत्ता’ही गेले. ज्या चित्रा ताऱ्यावरून आपण राशीचक्र मोजतो त्याचा आज दिसणारा प्रकाश सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी, पेशवाईत, निघालेला आहे. त्या ताऱ्यावर ‘या क्षणी’ काय चालले आहे, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. निरनिराळ्या वेगांनी जाणारे निरीक्षक निरनिराळी उत्तरे देतील आणि सगळी बरोबर असतील. पण कार्यकारणाचा क्रम शाबूत राहिला. जिथून कारणाचा परिणाम पोचू शकतो तिथे आधी आणि नंतर यांची अदलाबदल कोणत्याही निरीक्षकाला दिसत नाही. बी आधी, कलम नंतर. उधाण आधी, बांध फुटणे नंतर. हे रत्नागिरीतून, चंद्रावरून किंवा प्रकाशाच्या निम्म्या वेगाने जाणाऱ्या यानातून पाहिले तरी तसेच. तेव्हा ‘काळ हे सार्वत्रिक वास्तव आहे का’ या प्रश्नाचे दोन तुकडे करून उत्तर द्यावे लागते. वास्तव आहे. विश्वभर एकच माप असलेले, या अर्थाने सार्वत्रिक नाही.

काही आजचे भौतिकशास्त्रज्ञ, उदाहरणार्थ कार्लो रोव्हेली, याच्याही पुढे जातात: सृष्टीच्या मुळाशी, अत्यंत सूक्ष्म पातळीवर, काळ हे मूलभूत तत्त्व नसेलच; तो वरच्या पातळीवर प्रकटत असेल. तसे ठरले तरी माझ्या म्हणण्याला बाधा येत नाही. एका सुट्या रेणूला तापमान नसते, पण म्हणून ताप आलेल्या मुलाचे अंग गार होत नाही. मुळाशी नसलेली गोष्ट वर खोटी असते, हा नियम कोणीही सिद्ध केलेला नाही.

अनुभवाच्या काळाबद्दल थोडेच सांगतो, कारण या वादात त्याला वाजवीपेक्षा जास्त मान मिळतो. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, रत्नागिरीत कैदेत होता. त्याची तीस वर्षे त्याला किती लांब वाटली असतील याची कल्पना आपण करू शकत नाही. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला ती निराळी वाटली असतील. तरी दोघेही तीसच वर्षांनी म्हातारे झाले. वाटण्यातला फरक मनाबद्दल पुष्कळ सांगतो. काळाबद्दल फारसे नाही.

आता ‘घातक’ या माझ्या शब्दाकडे येतो. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या सड्यांवर, उघड्या जांभ्या कातळात, कोरलेली शेकडो चित्रे गेल्या काही वर्षांत उजेडात आली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून त्यांची नोंद केली. उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, देवाचे गोठणे, बारसू, कशेळी. कशेळीचा हत्ती पंधरा मीटरांहून लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी आहे. गेंड्यासारखे आज कोकणात नसलेले प्राणीही या चित्रांत ओळखले गेले आहेत. २०२२ मध्ये ही कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ती किती जुनी, हे पक्के ठरलेले नाही. काही अभ्यासकांचा अंदाज दहा हजार वर्षांच्याही मागे जातो. सोबत लेख नाही, कोणत्या राजाचे नाव नाही, कोळसा किंवा हाड सापडावे असा मातीचा थर बहुतेक ठिकाणी नाही. उघड्या कातळाचे वय सांगता येते, पण त्यावर छिन्नी केव्हा चालली ते सांगणे अवघड. म्हणून कोणी ती पांडवांची म्हणतो, कोणी गुराख्यांचा खेळ म्हणतो.

काळ ही नुसती मानवी मोजणी असेल तर या सगळ्या म्हणण्यांची किंमत सारखी. ज्याचा मोजणारा उरला नाही त्या काळाला वयच नाही. ज्याला जे वाटेल ते त्याने म्हणावे. मला हे मान्य नाही. त्या हत्तीची पहिली रेघ आणि आजचा दिवस यांच्यामध्ये वर्षांची एक ठरावीक संख्या उभी आहे. ती कोणाला माहीत नाही, पण ती आहे, आणि एखाद्या दिवशी कळू शकते. खनिजातल्या अडकलेल्या ऊर्जेवरून त्यावर शेवटचे ऊन कधी पडले ते सांगणाऱ्या पद्धती आहेत. वैश्विक किरणांनी खडकात होणाऱ्या बदलांवरून त्याचा पृष्ठभाग किती काळ उघडा आहे ते सांगणाऱ्या आहेत. दोन्ही दिवसेंदिवस अधिक सूक्ष्म होत आहेत. जांभ्यावर त्या आज अपुऱ्या पडतात. उद्या पडतीलच असे नाही. दीक्षितांनी शतपथ ब्राह्मणातल्या, कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवतात, या एका नोंदीवरून त्या ग्रंथाचा काळ काढायचा प्रयत्न केला. टिळकांनी ‘ओरायन’मध्ये मृगशीर्षावरून वेदांचा काढला. त्यांचे आकडे सगळ्यांनी मान्य केले नाहीत. पण आकाश सुमारे सव्वीस हजार वर्षांच्या आपल्या फेऱ्यात जुन्या वेळेची खूण ठेवते आणि ती वाचता येते, हा त्यांचा विश्वास बरोबर होता.

तो विश्वास ठेवायचा तर मोजायची वस्तू जागेवर राहिली पाहिजे. सड्यावर चिरेखाणी चालू आहेत, रस्ते होत आहेत, घरांसाठी आणि बागांसाठी कातळ फोडला जात आहे. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरणाचा प्रकल्प आणायचे ठरले तेव्हा २०२३ मध्ये तिथे मोठा संघर्षही झाला. प्रकल्पाच्या बाजूने आणि विरुद्ध काय बोलायचे ते ज्याने त्याने बोलावे. पण एकदा फुटलेले कातळशिल्प कोणत्याही मोबदल्याने परत येत नाही. आधी आणि नंतर यांची अदलाबदल होत नाही, याचा जमिनीवरचा अर्थ हाच. रत्नागिरीच्या शाळांनी अंगणात काठी रोवून नोव्हेंबरातली आणि फेब्रुवारीतली दुपार मुलांना मोजायला लावावी, म्हणजे घड्याळ आणि सूर्य यांतले अंतर त्यांना कोणी वेगळे सांगावे लागणार नाही. आणि ग्रामपंचायतींनी, जमीनमालकांनी, जिल्हा प्रशासनाने नोंद झालेल्या प्रत्येक कातळशिल्पाभोवतीची जागा चिरेखाणीपासून आणि बुलडोझरपासून आजच, लेखी, राखून ठेवावी. त्याचे वय काढणारी माणसे अजून शाळेत असतील. ती येईपर्यंत दगड शाबूत राहिला पाहिजे.